चारशे बारा पोस्टकार्डं

इंडोनेशियातल्या मालांग शहरात, एका सिगारेट कारखान्यात मुर्सिया सोळा वर्षं एकाच बाकावर बसत होती. लवंग कुटून मिसळलेली तंबाखू लाकडी साच्यात पसरायची, कागद लावायचा, दांडा ओढायचा आणि वळलेली सिगारेट शेजारणीच्या ओंजळीत टाकायची. शेजारीण कात्रीनं दोन्ही टोकं छाटायची. वळणारी आणि छाटणारी, अशी जोडी. मान वळणारीचा. मुर्सिया वळणारी होती, आणि तिच्याइतका जलद हात त्या सहाशे बायकांच्या दालनात दोघी-तिघींचाच होता.

तिच्या हातापेक्षा तिच्या रागाची ख्याती मोठी होती. मुकादम जुमादीनं एकदा एका वयस्क बाईला ‘म्हैस’ म्हटलं, तेव्हा मुर्सियानं त्याची काळी टोपी खुंटीवरून उतरवली, तीत तंबाखूचा चुरा काठोकाठ भरला, आणि सगळ्या दालनासमोर ती त्याच्या डोक्यावर नीट बसवली. जुमादी पुढे आठवडाभर शिंकत होता. तिला काढून टाकायचं त्याच्या मनात आलं असणार, पण तेवढा माल काढणारी दुसरी त्यानं कुठून आणली असती?

आणि ती सहावीपर्यंत शिकलेली होती. वाचता-लिहिता येणाऱ्या बायका त्या दालनात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मुर्सिया बाकावर चढून बसायची आणि हाताला लागेल ते मोठ्यानं वाचायची. वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीवरचा कागद, कुणाच्या भावाचं पत्र. आणि दर पंधरा दिवसांनी ‘दावाई’.

‘दावाई’ हे जकार्ताचं पाक्षिक. रॉक संगीताचं. लांब केसांचे, उघड्या छातीचे गिटारवाले मुखपृष्ठावर. चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई असलेली बाई हे का वाचते, असं विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती, पण कारण सगळ्यांना माहीत होतं. तिचा थोरला भाऊ वागिमान तरुणपणी गिटार वाजवायचा. तेव्हाच्या सरकारला ते परदेशी संगीत खपत नव्हतं. पोलीस आले, त्याच्या तबकड्या आणि गिटार चौकात नेली आणि रॉकेल ओतून पेटवली. मुर्सिया तिथे उभी होती. तारा तुटताना एकेक आवाज झाला, तो तिनं ऐकला. पुढे सरकार बदललं, तेच संगीत रेडिओवर दिवसभर वाजायला लागलं, पण वागिमाननं पुन्हा गिटारीला हात लावला नाही. ब्लितार गावी तो टोफू विकायचा. मुर्सियाचा राग मात्र तिथेच, त्या चौकात, उभा राहिला होता.

तिच्याच गल्लीत बू पाइना, म्हणजे पाइनाबाई, राहायची. कारखान्यात तिच्या मागच्याच बाकावर. तिचा एकुलता एक मुलगा सेत्याकी. सगळी गल्ली त्याला याकी म्हणायची. लाजाळू, हाडकुळा, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. पण गिटार हातात आली की हा मुलगा दुसराच कुणी व्हायचा.

मालांगचे प्रेक्षक कसे आहेत, ते देशभरातल्या वादकांना विचारा. आवडलं नाही की चपला फेकतात, नेम धरून. शहात्तर सालच्या सुरुवातीला क्रीडागृहात जकार्ताचा एक बँड आला होता, त्याच्यावर अर्ध्या तासात इतक्या चपला पडल्या की वाजवणारे पडद्यामागे पळाले. लोक खवळलेले. आयोजकांनी घाबरून स्थानिक पोरांना पुढे ढकललं, त्यांत याकी. तो लाजून प्रेक्षकांकडे पाठ करूनच उभा राहिला. आणि पाठ तशीच ठेवून त्यानं जे वाजवलं, त्यानं चार हजार माणसं गप्प झाली. गाणं संपल्यावर लोक वाकून आपापल्या चपला शोधायला लागले. स्वस्तातल्या बाकांवर कारखान्याच्या दीडशे बायका होत्या. बू पाइना ओढणीत तोंड लपवून रडत होती, आणि मुर्सिया शेजारणीला बुक्क्या मारत ओरडत होती, “ऐक! ऐक ना! आपल्या पाइनाचा आहे तो!”

त्याच वर्षी ‘दावाई’नं जाहीर केलं: देशातला सर्वांत थोर रॉक गिटारवादक कोण, ते आता वाचकच ठरवतील. एका माणसाचं एक पोस्टकार्ड. त्यावर आपलं नाव, पत्ता, वादकाचं नाव आणि एका ओळीत कारण.

मुर्सियानं हे वाचून दाखवलं आणि अंक मिटला. “मत कोण कोण देणार?”

“आम्हाला कुठे लिहिता येतं?” छाटणाऱ्यांतली एक म्हणाली.

“तुम्ही बोला. मी लिहिते.”

तीन आठवडे ती लिहीत होती. दुपारच्या सुट्टीत भात तसाच पानात गुंडाळलेला राही. बायका रांग लावत. मुर्सिया प्रत्येकीला विचारी, कुणाला मत, आणि का? आणि जे सांगतील तेच लिही, एक शब्द पदरचा नाही. ‘हा वाजवतो तेव्हा माझ्या पाठीची कळ थांबते.’ ‘माझा नवरा बोटीवर गेला तो आला नाही. ही गिटार ऐकली की मला रडू येतं, एरवी येत नाही.’ ‘हा आमच्या गल्लीतून जाताना मान खाली घालून जातो आणि वाजवताना कुणापुढे घालत नाही.’ एकीनं नुसतं सांगितलं, ‘जोरात वाजवतो.’ तेही लिहिलं.

नऊ जणींनी याकीचं नाव घेतलं नाही. त्यांना रिको पर्दाना हवा होता. रिको म्हणजे जकार्ताचा तारा, पांढरा चामडी अंगरखा आणि डोळ्यांवर येणारी बट.

“तो वाजवतो कुठे? नुसता कंबर हलवतो!” मुर्सिया पहिलीवर कडाडली.

“मग मला कंबर आवडते,” ती म्हणाली. “मत माझं की तुझं?”

मुर्सियानं दात खाल्ले, पण लिहिलं. नऊच्या नऊ जणींसाठी लिहिलं, ‘रिको पर्दाना’, स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात.

चारशे बारा पोस्टकार्डं झाली. टपालकचेरीतल्या माणसानं ती पाहून विचारलं, “लग्न आहे का घरी?”

निकालाचा अंक आला तो मंगळवार होता. सुट्टीची घंटा झाली तशी बाकाभोवती इतकी गर्दी झाली की मागच्या बायका टोपल्यांवर चढल्या. मुर्सियानं पान उघडलं. पहिला रिको पर्दाना. दुसरा बांडुंगचा एक, तिसरा मेदानचा. चौथा, पाचवा, दहावा. तिनं दहा नावं वाचली आणि पुन्हा वरून सुरुवात केली. याकी कुठेच नव्हता. मग पानाच्या तळाशी, बारीक टायपातली संपादकाची टीप तिला दिसली. ती वाचताना तिचा आवाज हळूहळू चढत गेला.

“‘मालांगहून आलेली सुमारे चारशे मतपत्रं एकाच हस्ताक्षरात असल्यामुळे बाद केली आहेत. तिथल्या कुण्या प्रेमवेड्या सिगारेटवालीला आमचा सल्ला: बाई, फसवणूक करायची तर निदान डाव्या हातानंही थोडी लिहायची. वेळ जात नसेल तर लग्न कर.’”

मग बू पाइनानं अगदी हळू विचारलं, “म्हणजे आमची मतं मोजलीच नाहीत?”

“नाही.”

“एकीचंही?”

मुर्सियाच्या कानशिलांवरच्या शिरा फुगल्या होत्या. “आपण सगळ्या मिळून एकच बाई आहोत, बू. प्रेमवेडी. असं छापलंय.”

संध्याकाळी ती तडक याकीकडे गेली. तो ओसरीवर तार बदलत होता. तिला वाटलं होतं तोही पेटलेला असेल. त्यानं अंक वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याचा चेहरा पडला.

“यू मुर,” तो ताईला हाक मारावी तसं म्हणाला, “तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं होतं?”

“काय?”

“आता सगळे म्हणणार, यानं आईच्या मैत्रिणींकडून मतं लिहून घेतली. रिकोच्या लोकांनी मला निरोप पाठवलाय. त्यांना दौऱ्यासाठी दुसरा गिटारवाला हवाय. आणि हे बघून…” त्यानं अंक खाली ठेवला. “तुम्ही आता गप्प बसा. माझ्यासाठी तरी.”

मुर्सिया त्याच्याकडे बघतच राहिली. या पोराला तिनं बोटांना पट्ट्या बांधताना पाहिलं होतं. “तुझ्यासाठी? याकी, तुला वाटतं हे तुझ्यासाठी होतं?”

“मग कुणासाठी?”

ती आणखी चिडली आणि पाय आपटत निघून गेली. घरी गेल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं की ती जकार्ताला चालली.

कारमान सायकलरिक्षा चालवायचा. तो दिवसभराचा दमून बसला होता. “जकार्ताला? गिटारसाठी? माझी आई कदिरीला आजारी पडली तेव्हा तुला बसचा प्रवास सोसत नव्हता.”

“तुझ्या आईनं मला प्रेमवेडी म्हटलं असतं तर तिच्याकडेही धावत गेले असते.”

“तसं ती म्हणायची,” तो म्हणाला, आणि उठून तिच्यासाठी पिशवी शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी तिनं जुमादीकडे रजा मागितली. त्यानं ती मागणी दोन्ही हातांनी उडवून लावली. “या बाकावरून उठलीस तर परत या बाकावर बसायचं नाही. छाटायला बसशील, शेवटच्या रांगेत.” सोळा वर्षं वळणाऱ्या बाईला छाटायला बसवणं म्हणजे काय, ते त्यालाही माहीत होतं. टोपीतली तंबाखू तो विसरला नव्हता.

मुर्सियानं साचा पुसला, दांडा जागेवर ठेवला आणि उठली.

निघण्याआधी बायकांनी एक गोष्ट केली. पाकिटांचे गठ्ठे बांधायचा तपकिरी कागद असतो, त्याची हातभर रुंद, लांबच लांब पट्टी त्यांनी पसरली आणि शिक्क्याच्या शाईत अंगठे बुडवून एकेकीनं ठसा उमटवला. मुर्सियानं प्रत्येक ठशाखाली नाव लिहिलं. कागदाची गुंडाळी जाड झाली. बू पाइनानं केळीच्या पानातला भात आणि तळलेला तेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तिच्या पिशवीत कोंबला. मुलाबद्दल ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, “माझं कारण लक्षात आहे ना? तेवढं त्यांना वाचून दाखव.”

गाडीत बसायला जागा मिळाली नाही. सुराबायाला गाडी बदलून, दुसऱ्या दिवशी दुपारी ती जकार्ताला उतरली तेव्हा पाय सुजले होते आणि अंगाला लवंगेचा वास तसाच होता. ‘दावाई’चं कार्यालय एका घड्याळाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर निघालं. खोलीत दोन टेबलं, भिंतीवर रिकोचं पुरुषभर उंचीचं चित्र, टंकलेखन करणारी एक मुलगी, आणि संपादक हेंद्रावान. तिशीच्या आतला, खांद्यापर्यंत केस, गळ्यात लाकडी मणी.

“बसा ना, बू. कुठून आलात?”

“मालांगहून. मी ती प्रेमवेडी सिगारेटवाली.”

टंकलेखनाचा आवाज थांबला.

हेंद्रावान हसला. हसायला नको होतं. मग त्यानं चहा मागवला. मुर्सियानं पेल्याकडे पाहिलंही नाही.

“बू, हे बघा, रागावू नका. ती गंमत होती. वाचकांना तसं आवडतं. पण नियम म्हणजे नियम. चारशे कार्डं एका हातची, मी काय समजायचं?”

“नियम वाचा.”

“अं?”

“तुमचा नियम. मोठ्यानं वाचा. मला पाठ आहे, तुम्हाला असेल असं वाटत नाही. एका माणसाचं एक कार्ड. नाव, पत्ता, वादक, कारण. लेखणी कुणी धरायची, असं कुठे लिहिलंय?”

“ते समजून घ्यायचं असतं…”

“कुणी समजून घ्यायचं? ज्यांना शाळेत कुणी घातलंच नाही त्यांनी?” तिनं तपकिरी कागदाची गुंडाळी त्याच्या टेबलावर उलगडली. एक टोक टेबलाखाली लोंबलं. “हे अंगठे. मोजा. एका बाईला एवढे अंगठे असतात का, भाऊ? तुमच्या जकार्तात असतील.”

तो गोंधळला. कागद उचलून बघायला लागला. मुर्सियानं विचारलं, “कार्डं कुठे आहेत?”

ती फेकली नव्हती. रद्दीवाला यायचा होता. त्या मुलीनं, लिलिक तिचं नाव, कपाटामागून एक गोणपाटाची पिशवी ओढून आणली. मुर्सिया फरशीवर मांडी घालून बसली आणि पिशवी उलटी केली. तिची बोटं रोज पन्नास-पन्नास सिगारेटींच्या जुड्या न बघता बांधत असत. त्याच बोटांनी तिनं कार्डांच्या जुड्या लावल्या. आठ जुड्या झाल्या आणि वर तीन कार्डं उरली.

तिनं पुन्हा मोजली. तेवढीच.

“नऊ कमी आहेत.”

“पडली असतील टपालात,” हेंद्रावान म्हणाला.

मुर्सियानं जुड्या सोडल्या आणि एकेक कार्ड बघायला लागली. याकी. याकी. याकी. चारशे तीन कार्डं तिनं पाहिली. मग मान वर केली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि मालांगच्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की आता पळा.

“रिकोची कुठे आहेत?”

“कसली रिकोची?”

“मी नऊ कार्डं रिको पर्दानासाठी लिहिली. याच शाईनं, याच अक्षरात. नऊ बायकांना तो आवडतो. का आवडतो देव जाणे, पण त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. तुम्ही एकाच हस्ताक्षरातली बाद केलीत ना? मग ती इथे का नाहीत?”

हेंद्रावाननं लिलिककडे पाहिलं. लिलिकनं यंत्राकडे पाहिलं. मग ती उठली, दुसऱ्या कपाटातून मोजलेल्या मतांच्या पेट्या काढल्या, आणि ‘रिको’ लिहिलेल्या पेट्या मुर्सियासमोर आणून ठेवल्या. संपादकानं “लिलिक, राहू दे,” म्हटलं, पण ती थांबली नाही. दोघी शोधत बसल्या. तासभर गेला, दोन तास गेले. खालच्या दुकानातली घड्याळं पाचाचे ठोके द्यायला लागली तोवर आठ मिळाली होती. नववंही लिलिकला मिळालं. तिनं ते वाचलं: ‘मला त्याची कंबर आवडते. खोटं कशाला बोलू?’ आणि ती खुदकन हसली, मग तिचं हसू विरलं.

नऊच्या नऊ कार्डांवर मोजल्याचा लाल शिक्का होता.

मुर्सिया उठून उभी राहिली. “तर आमचं अक्षर तुम्हाला ओळखू येतं. फक्त नाव बघून ओळखू येतं.”

“बू, कार्डं निवडणाऱ्या पोरांची चूक झाली असेल…”

“पोरांची? टीप तू लिहिलीस. लग्न कर, असं तू लिहिलंस. तुला कामाला चार हात आहेत, टेबल आहे, डोक्यावर पंखा आहे, आणि तुला चारशे बायकांचं काय म्हणणं आहे ते उलटून बघायला वेळ झाला नाही! बस. बस म्हणते ना! आता ऐक.”

तो बसला. तिनं एक जुडी उचलली आणि वाचायला लागली. पाठीची कळ. बोटीवर गेलेला नवरा. जोरात वाजवतो. बू पाइनाचं कार्ड आलं: ‘याचं पोट भरायला मी रात्रपाळी केली. हा वाजवतो तेव्हा वाटतं, ती कुठेतरी जमा झाली.’ ते वाचताना तिचा आवाज फाटला, म्हणून तिनं ते पुन्हा, नीट, वाचलं. जवळजवळ एक अख्खी जुडी तिनं वाचली. लिलिक भिंतीकडे तोंड करून उभी होती.

शेवटी हेंद्रावान थकून म्हणाला, “बू, समजा मी ही सगळी मोजली. तरी तुमचा सेत्याकी पहिला येत नाही. रिकोला तीन हजारांच्या घरात मतं आहेत. तुमचा फार तर चौथा येतो. मग एवढा आटापिटा कशासाठी?”

“मग चौथा छाप.”

“त्यानं काय होणार?”

“ते तू ठरवायचं नाही. चौथा आहे ना? मग चौथा छाप. आणि रिकोची नऊ मतं काढू नकोस, ती खरी आहेत.”

तिनं सगळी कार्डं, शिक्क्याची नऊही, पिशवीत भरली. हेंद्रावान म्हणाला की पत्रं पाक्षिकाच्या मालकीची असतात. तिनं त्याच्याकडे फक्त पाहिलं. मग ती निघताना त्यानं रिकोच्या सहीचं एक चित्र तिच्या हातात ठेवलं, भेट म्हणून. कशाचाच अंदाज नसलेला माणूस! तिनं ते घेतलं, कारण नऊपैकी कुणाला तरी ते आवडलं असतं.

पुढच्या अंकात तीन ओळी आल्या, शिलाई यंत्रांच्या जाहिरातीखाली. ‘नजरचुकीनं मालांगच्या महिला कामगारांची मतं राहून गेली होती. त्यांसह सेत्याकी (मालांग) चौथ्या क्रमांकावर येतात.’ माफी नव्हती. लग्नाच्या सल्ल्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मुर्सियानं त्या ओळी दालनाच्या शेवटच्या रांगेतून वाचून दाखवल्या, कारण तिला आता तिथे, हातात कात्री देऊन, बसवलं होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं नाही वाजवल्या.

याकी रिकोच्या बँडमध्ये गेलाच. चार महिन्यांनी तो बँड मालांगला आला. क्रीडागृह भरलं. याकी मागे, ढोलांच्या बाजूला, अंधारात उभा होता. पुढे रिको. लोकांनी दोन गाणी ऐकून घेतली, मग एका कोपऱ्यातून आरोळी सुरू झाली: “के-रा नगा-लम! के-रा नगा-लम!” मालांगची पोरं शब्द उलटे करून बोलतात. ‘आरेक मालांग’, म्हणजे आपल्या गावचा पोरगा, असं ते उलटं ओरडत होते. आरोळी सगळ्या सभागृहात पसरली. रिकोनं हात वर करून अभिवादन केलं. त्याला वाटलं ते त्याच्यासाठीच. मग पहिली चप्पल आली.

स्वस्तातल्या बाकांवरून कारखान्याच्या दीडशे बायकाही ओरडत याकीकडे बघत होत्या. एक पाऊल. त्यानं फक्त एक पाऊल पुढे यायचं होतं. तो आला नाही. मान खाली घालून, सांगितलेले साधे सूर वाजवत राहिला.

कार्यक्रम संपल्यावर तो मागच्या दारानं मुर्सियाला आणि आईला भेटायला आला. आईच्या पाया पडला. मग म्हणाला, “यू, मी ऐकलं तुम्ही जकार्ताला काय केलंत. ती कार्डं… मला द्याल? जवळ ठेवीन.”

“नाही.”

“माझ्या नावाची आहेत ती.”

“तुझं नाव आहे त्यांच्यावर. तुझी नाहीत ती.” “दीडशे बायका तिथे गळा फोडत होत्या, याकी. तुला एक पाऊल टाकता आलं नाही?”

“करार आहे, यू. पुढे आलो असतो तर उद्या मी घरी.”

“मग काय? मी बसलेय ना शेवटच्या रांगेत! मेले का?”

बू पाइनानं मुलाचा हात धरला होता, आणि तिनं तो सोडला नाही. मुर्सियानं ते पाहिलं आणि ती वळून चालायला लागली. आईपुढे आणखी बोलणं बरं नव्हतं. कार्डं तिनं दुसऱ्या दिवशी ज्यांची त्यांना वाटून टाकली.

वाटताना एक घोटाळा झाला. बायकांना आपलं कार्ड कोणतं ते कळेना. त्या उलटसुलट करून बघत आणि विचारत, “हे माझंच ना?” मुर्सिया चार-पाच वेळा सांगून वैतागली. मग ओरडली, “उद्यापासून सुट्टीत इकडे येऊन बसा! निदान स्वतःचं नाव ओळखा! कुणी पुन्हा असं काही छापलं तर मी जकार्ताला जाणार नाही, सांगून ठेवते!”

पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या. सिगारेटच्या वाया गेलेल्या कागदावर, छाटायच्या कात्रीशेजारी, त्यांची अक्षरं सुरू झाली. मुर्सिया वाईट शिक्षिका होती. चिडायची, हातातली पेन्सिल काढून घ्यायची, “हा ‘स’ आहे की गांडूळ?” म्हणायची. बायकाही तिला सोडत नसत. “एवढी घाई आहे तर आमच्याऐवजी तूच लिही, तुला सवय आहे,” असं एकीनं ऐकवलं, तेव्हा दालन हसून लोळलं आणि मुर्सिया दिवसभर तिच्याशी बोलली नाही.

वर्ष उलटलं. ‘दावाई’ची दुसरी निवड कधी झालीच नाही. पाक्षिक बंद पडलं. पण साठ-पासष्ट बायकांच्या हाती पेन्सिल होती, आणि ती काही निवडणुकीसाठी अडून राहिली नाही. त्यांनी मालकाला पत्र लिहिलं. मुर्सियाला न सांगता लिहिलं, म्हणून त्यात चुका भरपूर होत्या. मुर्सियाला तिच्या बाकावर परत बसवा, एवढीच मागणी. खाली सह्या, काही वर चढलेल्या, काही खाली घसरलेल्या.

जुमादीनं एका सोमवारी शेवटच्या रांगेपाशी येऊन म्हटलं, “ऊठ. पुढे जाऊन बस.”

“का?”

“मालक म्हणाले.”

“मालक म्हणाले ते कळलं. तू काय म्हणतोस?”

सहाशे बायकांचे हात थांबले होते. मुर्सियानं कात्री मांडीवर ठेवली आणि वाट बघत बसली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं माल निघत नव्हता. शेवटी जुमादी दाराकडे बघत पुटपुटला, “माझं चुकलं.”

“ऐकू नाही आलं.”

“चुकलं म्हटलं ना!”

ती उठली. जाताना तिनं आपल्या जागी बसणाऱ्या पोरीला कात्रीची धार दाखवून ठेवली.

त्यानंतर गुडघे साथ देईनासे होईपर्यंत ती त्याच बाकावर होती, आणि दुपारची शाळाही चालू राहिली. याकीशी ती तीन वर्षं बोलली नाही. मग बू पाइना वारली, तो क्रियेला आला, आणि मुर्सियानं त्याच्यापुढे भाताचं पान ठेवून “खा,” म्हटलं. तेवढंच. गल्लीत लोक तिला ‘गुरुजी’ म्हणायला लागले. नवीन पोरींना सांगावं लागायचं की तसं म्हणू नका, ती भडकते. तिच्या मते गुरुजी म्हणजे ज्याला पगार मिळतो आणि जो उशिरा येतो.